बायोलॉजी नेमकी कोणती? एका एच-फोर विद्यार्थिनीचं प्रकरण

२०२३ साली गणेश चतुर्थी मंगळवारी आली होती. इकडे कॅलिफोर्नियातल्या बे एरियात मंगळवारी कोणाला सुट्टी नसते, म्हणून सार्वजनिक गणपती शनिवारी, भाड्याच्या हॉलमध्ये. मागच्या टेबलावर मसालेभात वाढायला उभी होते, तेव्हा शेजारी चमचा हातात घेऊन उभी असलेली एक नवी मुलगी म्हणाली, ‘ताई, तुम्ही कॉलेजात बायोलॉजी शिकवता ना?’ शिकवत नाही, एका कम्युनिटी कॉलेजच्या (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजच्या) ट्यूटोरियल सेंटरमध्ये ट्यूटर आहे, असं मी सांगितलं. तिला तेवढंही पुरेसं होतं. ‘सोमवारी माझं कॉलेजचं क्वार्टर, म्हणजे सत्र, सुरू होतंय. बायोलॉजीच्या पहिल्या भागात सीट मिळाली आहे. पण मी हा क्लास आधीच केलाय असं मला वाटतंय.’

पुढे दोन वर्षं मी हे प्रकरण जवळून पाहिलं. तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, अभ्यासक्रमांचे आणि नियमांचे बदललेले नाहीत.

कुठून आली

माहेर सोलापूरचं. अकरावीला बायोलॉजी सोडून बायफोकल इलेक्ट्रॉनिक्स घेतलं, कारण घरचा हिशेब सरळ होता: इंजिनिअरिंगला जायचंय, बायोलॉजीचे मार्क तिथे मोजत नाहीत, मग आकृत्या काढत कशाला बसायचं. २०१० साली बी.ई., इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन. तीन-चार वर्षं हिंजवडीत टेस्टिंगचं काम, मग लग्न, मग न्यू जर्सीतलं एडिसन. नवरा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, ही एच-फोर या त्याच्या जोडीदारासाठीच्या व्हिसावर. दोन मुलं. धाकटा २०२२ मध्ये किंडरगार्टनला गेला आणि सात वर्षांत पहिल्यांदा दिवसाचे सहा तास तिचे स्वतःचे झाले.

आरोग्याच्या क्षेत्राकडे ती का वळली, हे सांगायला हवं, कारण पुढे निवड करताना तेच उपयोगी पडलं. तिचे वडील सोलापुरात डायलिसिसवर होते. दर आठवड्याला क्रिएटिनिन, पोटॅशियम, हिमोग्लोबिनचे आकडे व्हॉट्सॲपवर यायचे, आणि रात्री एक वाजता ती इंटरनेटवर त्यांचा अर्थ शोधत बसायची. ‘इंजिनिअर असून मला आलेख वाचता येत होता, पण तो कशाचा आलेख आहे ते कळत नव्हतं,’ असं ती म्हणाली होती.

इथे एक गैरसमज काढून टाकते. एच-फोरवर असलेल्या व्यक्तीला शिकायला वेगळा विद्यार्थी व्हिसा लागत नाही. एक क्लास घ्या किंवा पूर्णवेळ शिका, चालतं. फेडरल आर्थिक मदत मात्र मिळत नाही, म्हणजे प्रत्येक क्रेडिट (क्लास मोजायचं आणि फी आकारायचं एकक) घरच्या खिशातून. म्हणूनच चुकीचा क्लास जास्त झोंबतो.

पहिली चूक: वेळापत्रक पाहून क्लास घेणे

२०२२ च्या फॉलमध्ये, म्हणजे ऑगस्टनंतरच्या सत्रात, तिने न्यू जर्सीतल्या एका कौंटी कॉलेजात नाव घातलं. कॅटलॉगमध्ये बायोलॉजीखाली डझनभर नावं. त्यातलं ‘ह्यूमन बायोलॉजी’ ऑनलाइन होतं, लॅब नव्हती, मुलं झोपल्यावर जमणारं होतं. नावात ‘ह्यूमन’ आहे म्हणजे नर्सिंग-मेडिकलकडे नेणारं असणार, असं तिने गृहीत धरलं. ए मिळाला. आणि जानेवारीत काउन्सेलरने सांगितलं की हा क्लास विज्ञानाबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, पुढच्या कुठल्याच आरोग्यविषयक अभ्यासक्रमाच्या पूर्वअटीत तो धरला जाणार नाही.

ही चूक इतकी जण करतात की तिचं मूळ सांगायलाच हवं. अमेरिकन कॉलेजात पहिल्या वर्षाची बायोलॉजी नावाची एक गोष्ट नसते. तीन असतात आणि तिन्ही एकाच पानावर शेजारी-शेजारी छापलेल्या असतात.

एक, इतिहास किंवा बिझनेस शिकणाऱ्याने थोडं विज्ञानही करावं म्हणून ठेवलेली. दुसरी, पुढे बायोलॉजीतच पदवी घेणाऱ्यांसाठी किंवा मेडिकल, डेंटल, फार्मसीला अर्ज करणाऱ्यांसाठी. ही नेहमी दोन किंवा तीन भागांची मालिका असते, प्रत्येक भागाला लॅब असते आणि बरोबरीने जनरल केमिस्ट्री मागितली जाते. तिसरी, नर्सिंग आणि तत्सम कामांसाठी: ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी.

फरक अवघड-सोप्याचा आहे असं विद्यार्थी समजतात. मी त्यांना किडनीचं उदाहरण देते. पहिल्या प्रकारात किडनीला अर्धं लेक्चर मिळतं: रक्त गाळते, लघवी तयार होते, पाणी भरपूर प्या. दुसऱ्या प्रकारात प्रश्नच वेगळा असतो: शरीरातलं पाणी आणि क्षार सांभाळायचं काम वेगवेगळ्या प्राण्यांनी कसं सोडवलं? मग गांडुळाच्या प्रत्येक खंडातल्या नळ्या येतात, कीटकांच्या माल्पीघियन नलिका येतात आणि त्या रांगेत शेवटी आपला नेफ्रॉन, म्हणजे किडनीतली सूक्ष्म गाळणी-नळी. तिसऱ्या प्रकारात गांडूळ नाही, कीटक नाही. फक्त माणसाची किडनी, पण दोन आठवडे. हेन्लेच्या वळशात, म्हणजे नेफ्रॉनच्या यू आकाराच्या भागात, एक बाजू पाणी सोडते, दुसरी मीठ बाहेर फेकते, त्यामुळे आतल्या भागात खारटपणा कसा साठत जातो, आणि एखादं औषध त्या वळशातला एकच पंप बंद करतं तेव्हा माणूस रात्रभर बाथरूमला का पळतो. हे सगळं समजावून सांगता आलं पाहिजे, नुसती आकृती काढून भागत नाही. तेव्हा दुसरीचा अभ्यास करून तिसरीची परीक्षा देता येत नाही आणि तिसरी घेऊन मेडिकल स्कूलची ‘एक वर्ष बायोलॉजी, लॅबसह’ ही अट भागत नाही.

बारावीला बायोलॉजी होती, ती धरतील का, हा प्रश्न मला भारतातून आलेली प्रत्येक दुसरी व्यक्ती विचारते. नाही. आपली अकरावी-बारावी इथे हायस्कूलमध्ये मोजतात. हिच्याकडे तर तीही नव्हती.

दुसरा क्लास, आणि सामान बांधणे

काउन्सेलरच्या सांगण्यावरून २०२३ च्या स्प्रिंगमध्ये, म्हणजे जानेवारीनंतरच्या सत्रात, तिने जनरल बायोलॉजीचा पहिला भाग घेतला. चार क्रेडिट, आठवड्यात तीन तास लेक्चर, तीन तास लॅब. पेशी, एन्झाइम, श्वसन, प्रकाशसंश्लेषण, पेशीविभाजन, मेंडेल, डीएनए. आणि इथे तिला बायोलॉजी आवडली. बटाट्याच्या रसातला कॅटलेझ हायड्रोजन पेरॉक्साइडवर टाकून फेस मोजणं, जेलमध्ये डीएनएचे तुकडे पळवणं, मायक्रोपिपेटवर अंगठ्याचा दाब नेमका बसेपर्यंत पाणी ओढत राहणं. टेस्टिंगची सवय असलेल्या बाईला लॅबची वही लिहायला शिकवावं लागलं नाही. ए-वजा मिळाला.

फॉलला दुसरा भाग करायचा, हे ठरलेलं. जून महिन्यात नवऱ्याच्या कंपनीने टीम हलवली. जुलैच्या मध्यावर ते बे एरियातल्या सनीव्हेलला आले.

आता अडचणींची यादी पाहा. नवं कॉलेज क्वार्टर पद्धतीचं, म्हणजे सेमिस्टरसारखे दोन नव्हे, वर्षाचे तीन तुकडे. तिथली बायोलॉजीची मालिका तीन भागांची, आणि भागांचा क्रमही उलटा: पहिल्या भागात प्राणी-वनस्पतींची रचना, पेशी आणि रेणू दुसऱ्या भागात. सेमिस्टरचं एक क्रेडिट (इथे त्याला युनिट म्हणतात) म्हणजे क्वार्टरची दीड युनिटं, तेव्हा तिची चार म्हणजे इथली सहा. आकडा जुळत होता, मजकूर जुळत नव्हता. तिने जे केलं होतं त्यातलं बरंचसं इथल्या दुसऱ्या भागात, पण काही थोडं इतरत्र विखुरलेलं. कॅलिफोर्नियात कुठल्या सरकारी कॉलेजचा कुठला क्लास कुठल्या सरकारी विद्यापीठात धरला जातो हे ‘असिस्ट’ नावाच्या संकेतस्थळावर पाहता येतं, आणि ते फार उपयोगी आहे. पण त्यात फक्त कॅलिफोर्नियातलीच कॉलेजं. न्यू जर्सीचा क्लास तिथे शोधून सापडत नाही. विभागाने तिला जे कळवलं ते सगळीकडे हेच कळवतात: मालिका एकाच कॉलेजात सुरू करून तिथेच संपवावी.

म्हणून तिने पहिल्या भागात नाव घातलं होतं. पुन्हा पहिल्यापासून.

आणि वरून फी. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात राज्याच्या रहिवाशाला एका सेमिस्टर-युनिटला ४६ डॉलर पडतात, क्वार्टर-युनिटला ३१. रहिवासी ठरायला एक वर्ष आणि एक दिवस राज्यात राहिलेलं असावं लागतं. एच-फोरवाल्यांना हे रहिवासीपण मिळू शकतं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. पण तिला तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. तोवर बाहेरच्याची फी, जी कित्येक पट असते.

मसालेभात संपेपर्यंत मी इतकं ऐकलं आणि एकच गोष्ट सांगितली: सोमवारी वर्गात जा, पण पैसे परत मिळण्याची शेवटची तारीख आज रात्री शोधून ठेव. मग रविवारी घरी ये.

कुठे जायचंय ते आधी

रविवारी ती आली तेव्हा तिच्या वहीत उजव्या बाजूला क्लासची नावं होती आणि डावी बाजू रिकामी होती. मी विचारलं, यातल्या कुठल्या नोकरीची जाहिरात तू शेवटची वाचलीस? एकाही नाही. ‘हेल्थकेअरमध्ये काहीतरी,’ एवढंच. माझं मत असं आहे, आणि कॉलेजातले काही सहकारी ते मान्य करत नाहीत, की अठरा वर्षांच्या मुलाने आधी बायोलॉजी घ्यावी आणि मग वाट शोधावी हे ठीक आहे. पण छत्तिसाव्या वर्षी, दोन मुलं, स्वतःच्या खिशातून फी आणि कधीही बदलू शकणारा पत्ता असताना क्लास शेवटून निवडावा. ज्या दारातून आत जायचंय त्या दारावर काय लिहिलंय ते वाचायचं आणि मग मागे यायचं.

तिच्या हातात पदवी होतीच. दुसऱ्यांदा पदवीसाठी अर्ज करायला कॅलिफोर्नियातली सरकारी विद्यापीठं फारशी उत्सुक नसतात, म्हणून ‘बायोलॉजीत बी.एस.’ हा रस्ता आम्ही पहिल्या तासातच बाजूला ठेवला. मेडिकल स्कूल तिनेच खोडलं. उरले दोन.

एक, क्लिनिकल लॅबोरेटरी सायंटिस्ट. रुग्णालयाच्या लॅबमध्ये तपासण्या करणारे. मला वाटत होतं की हिच्यासाठी हेच. कॅलिफोर्नियात त्यासाठी राज्याच्या आरोग्य विभागाचा परवाना लागतो आणि प्रशिक्षणाला पात्र व्हायला पदवीबरोबर ठरावीक क्रेडिटं: केमिस्ट्रीची १६ सेमिस्टर-युनिटं, त्यात विश्लेषणात्मक आणि जैवरसायनशास्त्र हवंच, बायोलॉजीची १८, त्यात हिमॅटॉलॉजी (रक्ताचं शास्त्र), इम्युनॉलॉजी (प्रतिकारशक्तीचं), मेडिकल मायक्रोबायॉलॉजी हवंच, आणि फिजिक्सची ३, प्रकाश आणि वीज यांवरची. फिजिक्स तिचं इंजिनिअरिंगमध्ये झालेलं. बाकी जवळजवळ सगळं बाकी. हिमॅटॉलॉजीसारखे विषय कम्युनिटी कॉलेजात सहसा मिळतच नाहीत. तिथे पोचायला दुसऱ्या प्रकारची बायोलॉजी पूर्ण, त्याच्या जोडीला जनरल केमिस्ट्री, मग ऑरगॅनिक. त्यानंतर वर्षभराचं प्रशिक्षण, ज्याच्या जागा मोजक्या आणि अर्ज ढिगाने.

दुसरं, नर्सिंग. कम्युनिटी कॉलेजचा दोन वर्षांचा रस्ता, किंवा आधीच पदवी असलेल्यांसाठी थेट मास्टर्स. दोन्हीकडे मुळाशी तिसऱ्या प्रकारचे तेच तीन क्लास: ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, तिन्ही लॅबसह, तिन्ही ग्रेड घेऊन, नुसतं पास-नापास चालत नाही. कम्युनिटी कॉलेजांच्या नमुना अटींमध्ये या तीन विषयांत ४ पैकी किमान २.५ सरासरी आणि या विषयांतला क्लास एकापेक्षा जास्त वेळा पुन्हा केलेला नसणं, असं लिहिलेलं असतं. काही ठिकाणी पाच-सात वर्षांपेक्षा जुने विज्ञानाचे क्लास धरत नाहीत, तेही पाहावं लागतं.

नोकरीची परवानगी हा वेगळा मुद्दा, पण तो न पाहता निवड करणं म्हणजे पाया न पाहता मजले मोजणं. नवऱ्याचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर होता, तेव्हा २०१५ च्या नियमानुसार तिला काम करण्याचं परवानापत्र, म्हणजे ईएडी, मिळू शकत होतं. नसतं तर मी या दोन्ही रस्त्यांबद्दल वेगळं बोलले असते.

ती दोन्ही पेशांतल्या बायकांना भेटली. एक ओळखीतलीच, नागपूरची, रात्रपाळीत लॅब सांभाळणारी. दुसरी नर्स, केरळची. आणि एका रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून आठवड्याला चार तास जायला लागली: पाणी देणं, व्हीलचेअर ढकलणं, कागद इकडून तिकडे. महिन्याभराने ती म्हणाली, ‘ताई, लॅब मला आवडते. पण बाबांचा आकडा आला की मला तो आकडा काढायचा नसतो, बाबांजवळ असायचं असतं.’ माझं मत खोटं ठरलं. मी तिच्या हातातला पिपेट पाहत होते.

तोवर तिने क्वार्टरचा तो क्लास पैसे परत मिळण्याच्या मुदतीत सोडला होता.

अर्ध्या मालिकेचा धोका

नर्सिंग ठरल्यावर वाटेल की आता काय, ॲनाटॉमीला नाव घाला. इथेच या प्रकरणातली खरी निवड होती, आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

ॲनाटॉमी आणि फिजिऑलॉजी शिकवायच्या दोन पद्धती आहेत. एका पद्धतीत दोन्ही एकत्र कालवून मालिका करतात: पहिल्या भागात हाडं, स्नायू, मज्जासंस्था यांची रचना आणि कार्य दोन्ही, पुढच्या भागात हृदय, फुफ्फुसं, किडनी. न्यू जर्सीत बहुतेक कॉलेजांत ही दोन भागांची, तिच्या सनीव्हेलजवळच्या क्वार्टर कॉलेजात तीन भागांची. दुसऱ्या पद्धतीत एका सेमिस्टरला फक्त ॲनाटॉमी, डोक्यापासून पायापर्यंत. पुढच्या सेमिस्टरला फक्त फिजिऑलॉजी. कॅलिफोर्नियातल्या अनेक सेमिस्टर-कॉलेजांत असं आहे.

शिकण्याच्या दृष्टीने मला एकत्र पद्धत जास्त आवडते. स्नायू दिसतो त्याच आठवड्यात तो आकुंचन कसा पावतो ते कळतं. पण एकत्र मालिकेचा पहिला भाग करून तुम्ही गाव बदललं, तर तुमच्या हातात काय आहे? अर्धी ॲनाटॉमी आणि अर्धी फिजिऑलॉजी. म्हणजे अर्जात भरायला काहीच नाही. नव्या गावी वेगळी पद्धत असेल तर पुन्हा शून्यापासून. वेगळ्या पद्धतीत मात्र ॲनाटॉमी झाली की ती झाली. सामानात घालून कुठेही न्या.

एच-वन-बीवरच्या घराला हा प्रश्न काल्पनिक नाही. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची, आणि ती कुठल्या राज्यात मिळेल हे कोण सांगणार. जनरल बायोलॉजीच्या बाबतीत तिने हे एकदा भोगलं होतंच. म्हणून घरापासून दहा मिनिटांवरचं क्वार्टर कॉलेज सोडून पस्तीस मिनिटांवरचं सेमिस्टर कॉलेज, एवढ्याच एका कारणासाठी. नवऱ्याला हे पटायला वेळ लागला. पेट्रोलचा हिशेब त्यानेही मांडून दाखवला.

मग वर्षभर थांबायचं की बाहेरच्याची फी भरून लगेच सुरू करायचं? आम्ही कागदावर मांडलं. फिजिऑलॉजीला आधी ॲनाटॉमी आणि एक केमिस्ट्री हवी. केमिस्ट्री आत्ता महागात करून ठेवली तरी ॲनाटॉमी पुढच्या ऑगस्टलाच, कारण बाहेरच्याची फी दोन्ही क्लासची मिळून परवडत नव्हती. आणि ऑगस्टला ॲनाटॉमीबरोबर केमिस्ट्री केली तरी फिजिऑलॉजी त्याच जानेवारीत. म्हणजे आत्ता पैसे घालून वेळ काही वाचत नव्हता. माझा एक आक्षेप होता: दोन लॅब एकाच सेमिस्टरला, घरी दोन मुलं, आणि क्लास पुन्हा करायची मुभा एकदाच. केमिस्ट्री वेगळी करावी असं मी सुचवलं. तिने ऐकलं नाही.

ते वर्ष तिने राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सची मोफत पुस्तकं वाचण्यात आणि रुग्णालयात घालवलं. ॲनाटॉमीचे शब्द मराठीत पाठ करायचा तिचा एक प्रयोग होता, तो फसला; पण ग्रीक-लॅटिन तुकडे सोलापूरच्या नातेवाइकांना चिकटवायचा दुसरा प्रयोग चालला. ‘ब्रेकिअल’ म्हणजे दंडाचं, आणि दंड म्हटलं की तालमीत जाणारा आतेभाऊ. कोणता स्नायू कोणत्या काकाला दिला होता ते मी इथे लिहीत नाही.

वाया गेलेला क्लास

२०२४ च्या ऑगस्टमध्ये ती राज्याची रहिवासी म्हणून दाखल झाली. ॲनाटॉमी पाच युनिटं, केमिस्ट्री चार, एकूण ४१४ डॉलर आणि किरकोळ शुल्कं.

त्याआधी एक अडथळा होता. त्या कॉलेजात ॲनाटॉमीला बसायला आधी कॉलेज-पातळीची एक बायोलॉजी, लॅबसह, हवी होती. ऑनलाइन ह्यूमन बायोलॉजी इथे चालली नाही. न्यू जर्सीची जनरल बायोलॉजी चालली. मालिकेचा भाग म्हणून तिला कोणी विचारत नव्हतं, पण पूर्वअट म्हणून तीच चावी ठरली. ते मान्य करून घ्यायला ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे कॉलेजची गुणपत्रिका, पुरला नाही; क्लासचा सिलॅबस मागितला, त्यात लॅबची यादी आठवड्यानुसार हवी होती. तिने तो पीडीएफ जपून ठेवला होता. टेस्टिंगवाल्यांची ही सवय मला फार आवडते, काही फेकत नाहीत.

जागा मात्र नव्हती. नव्या विद्यार्थ्यांचा नोंदणीचा नंबर शेवटी लागतो आणि ॲनाटॉमी तोवर भरून जाते. ती वेटलिस्टवर नववी. मी सांगितलं तसं पहिल्या दिवशी पहिल्या बाकावर जाऊन बसली. न आलेल्यांची नावं त्याच तासाला कापली जातात. त्या दिवशी सहा जण आले नाहीत, आणि वेटलिस्टवरच्या तिच्या आधीच्या आठांपैकी तिघांनी तोंड दाखवलं नव्हतं. प्राध्यापिकेने तिला ॲड कोड, म्हणजे क्लासला नाव घालायचा क्रमांक, दिला.

सेमिस्टर कसा गेला, ते थोडक्यात: वाईट. दर तीन आठवड्यांनी लॅब-प्रॅक्टिकल, चाळीस टेबलं, प्रत्येकावर टाचणी टोचलेलं एक हाड किंवा मॉडेल, एकेका टेबलाला एक मिनिट आणि मग घंटा. मनगटाची आठ हाडं तिला पहिल्या परीक्षेत उलटी आली, कारण हात डावा आहे की उजवा हे तिने पाहिलंच नव्हतं. मेंढीचा मेंदू कापायच्या आठवड्यात ती माळकरी सासूबाईंशी फोनवर काय बोलावं या चिंतेत होती. सासूबाई म्हणाल्या, ‘शिकायला कापतेस ना, मग नीट काप.’ ॲनाटॉमीत ए, केमिस्ट्रीत बी. तो बी माझ्या म्हणण्याची साक्ष म्हणून मी वापरते. ती म्हणते, बी म्हणजे पास.

२०२५ च्या स्प्रिंगला फिजिऑलॉजी. इथे न्यू जर्सीतला तो सेमिस्टर पुन्हा उपयोगी पडला. वर्गातली निम्मी मुलं पेशीच्या पटलावरून आयन कसे जातात यातच अडकली होती. तिला ते आधीच येत होतं, म्हणून ती थेट किडनीच्या वळशापर्यंत पोचली. त्या आठवड्यात तिने वडिलांचे दोन वर्षांचे रिपोर्ट काढून माझ्या टेबलावर पसरले. पोटॅशियमचा आकडा डायलिसिसच्या आदल्या दिवशी का चढतो हे ती मला समजावून सांगत होती.

मार्चमध्ये, फिजिऑलॉजीच्या सहाव्या आठवड्यात, नवऱ्याची नोकरी गेली.

साठ दिवस मोजायला सुरुवात झाली. ऑस्टिनला एक मुलाखत, सिएटलला एक. मी तिला विचारलं, गेलात तर? ती म्हणाली, ‘ॲनाटॉमी माझी आहे. केमिस्ट्री माझी आहे. मेच्या शेवटापर्यंत इथे राहू दिलं तर फिजिऑलॉजीही.’ मुलांची शाळा संपेपर्यंत ती मुलांसह इथे थांबेल आणि नवरा पुढे जाईल, असं त्यांनी ठरवूनही ठेवलं होतं. नोकरी गेल्यापासून सातव्या आठवड्यात त्याला जवळच सॅन होझेत दुसरी मिळाली. फिजिऑलॉजीत तिला बी-अधिक मिळाला आणि त्याबद्दल घरात कोणी एक शब्द काढला नाही.

मायक्रोबायॉलॉजी तिने फॉलला केली. बॅक्टेरिया ओळखायच्या ग्राम नावाच्या रंगप्रक्रियेत अल्कोहोल किती सेकंद ठेवायचं यावर ती अजून माझ्याशी वाद घालते.

नर्सिंगचा अर्ज भरायला बसलो तेव्हा त्यात आतापर्यंत ज्या-ज्या कॉलेजात शिकलात तिथले सगळे ट्रान्स्क्रिप्ट मागितले होते, आणि एकूण सरासरीत ते सगळे क्लास धरले जाणार होते. केमिस्ट्रीतल्या बीने सरासरी खाली ओढली होती. वर ओढायला जे होतं त्यात २०२२ च्या फॉलमधला, रात्री मुलं झोपल्यावर केलेला, कुठेही न चाललेला ह्यूमन बायोलॉजीचा ए होता. तिने न्यू जर्सीच्या कॉलेजला ट्रान्स्क्रिप्टची फी ऑनलाइन भरली, पावती छापली आणि फाइलला लावली.